चार तास ताठ बसण्यासाठी

माझ्या धाकट्या भावाला कामावर सगळे ‘पक्कड’ म्हणायचे. एकदा धरलं की सोडायचा नाही, मग तो नट असो की भांडण. बावीस वर्षं त्यानं लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं. मी त्याची थोरली बहीण. बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झाले, त्यामुळे जीभ जरा तिखट आहे. आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मला कुणाची बाजू समजून बिमजून घ्यायची नाहीये. समजून घेणारे दवाखान्यात पुष्कळ येऊन गेले. खुर्च्या अडवून बसले, हळहळले आणि घरी जाऊन जेवले.

लिफ्टवाल्यांचा एक नियम असतो. जो माणूस लिफ्टच्या डब्याच्या टपावर चढणार, त्यानं आधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचं, मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. साहेब आला तरी नाही, इमारत ओरडली तरी नाही. नव्या माणसाला पाना धरायला शिकवायच्या आधी हे शिकवतात.

त्या दिवशी नऊ मजली इमारत होती. भाऊ पाचव्या मजल्यावर, लिफ्टच्या टपावर उभा. एक पाय टपावर, दुसरा भिंतीतल्या लोखंडी पट्टीवर, आणि रुळाचे बोल्ट आवळत होता. लहान मुलं डोकावतात म्हणून मजल्यावरचं दार त्यानं आतून ओढून घेतलं होतं. त्याचा जोडीदार वर गच्चीत होता. खाली लोक ताटकळले होते, आरडाओरडा चालला होता. जोडीदारानं जिन्यातून वर येताना पाचव्याचं दार बंद पाहिलं, काम झालं असं धरून चालला, आणि स्विच चालू केला. खाली कुणीतरी बटण दाबलं. भावाच्या पायाखालून डबा निघून गेला. तो दोन्ही हातांनी पट्टीला लटकला. डबा तीन मजले खाली जाऊन थांबला आणि मग त्याचे हात सुटले. पडला तो डब्याच्याच टपावर, पाठीवर.

आणि हा जोडीदार म्हणजे कोण? अकरा वर्षं एका डब्यातून जेवलेला माणूस. माझ्या घरी आला की ‘ताई, चहा’ म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरायचा. अॅम्ब्युलन्स त्यानंच बोलावली, रक्तही दिलं. आणि तिसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन लिहून दिलं, “त्यानं स्विचला कुलूप लावलंच नव्हतं. कुलूप त्याच्या पिशवीतच होतं.” पिशवी उघडली तर कुलूप खरंच आत. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

भावाच्या तोंडातली नळी निघाली तेव्हा पाय हलतायत का, हे त्यानं विचारलंच नाही. म्हणाला, “ताई, मी कुलूप लावलं होतं.”

“मग उघडलं कुणी? तुझी किल्ली तर तुझ्या विजारीच्या खिशात सापडली.”

त्यानं मान फिरवली. मला वाटलं, औषधाची गुंगी असेल. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की त्या नालायकानं तारेनं उघडलं. लिफ्टवाल्यांना काय, सगळी कुलपं उघडता येतात.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. कुलूप लावलं नसेल तर चूक स्वतःची, म्हणजे नोकरी संपली. लावलं असेल तर बसून करायचं काम द्यावं लागेल, पॅनेलच्या वायरिंगचं. चौकशी व्हायची होती, दोघांना समोरासमोर बसवून. चारेक तास तरी चालेल म्हणाले. भाऊ बसू शकेल तेव्हा तारीख देऊ. बसू शकेल! ते सांगणारा साहेब फिरत्या खुर्चीत रेलून पेन चघळत होता.

मणक्यात सळ्या आणि स्क्रू घातले होते. बेंबीखाली त्याला काही कळत नव्हतं. चादर पायावर आहे की सरकली, हे तो डोळ्यांनी बघायचा. डॉक्टर म्हणाले, आत सूज आहे, मज्जारज्जूला धक्का बसलाय, आत्ताच काही सांगता येणार नाही. दर दोन तासांनी कूस बदला, टाचा गादीला टेकू देऊ नका. मी आणि भावजय पाळ्या लावून वळवत होतो. ती बेकरीत पाव भरण्याचं काम करायची, तिच्या हातात जोर होता. तोंडातून मात्र शब्द नाही. तिच्या वाटणीचं मी बोलायचे.

तीन आठवड्यांनी त्याला पुनर्वसनाच्या वॉर्डात हलवलं. तिथली फिजिओ म्हणजे फुंकर मारली तर उडेल अशी पोरगी, पण आवाज आमच्या डेपो मॅनेजरसारखा. पहिल्याच दिवशी भावानं तिला सांगितलं, “मला चालत जायचंय. एका माणसाचा गळा धरायचाय.”

“गळा धरायला पाय लागत नाहीत, दादा,” ती म्हणाली, “हात लागतात. चला, हात करू.”

मला ती पोरगी तिथेच आवडली.

पायांबद्दल तिनं खोटी आशा दाखवली नाही. “जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत दिसायला लागतं. पुढे वर्षभर, कधी त्यानंतरही थोडं थोडं. किती येईल ते मला माहीत नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण खांदे, दंड, तोल, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात स्वतः जाणं, हे आपल्या हातात आहे.”

“बसणं?” भावानं विचारलं. “चार तास ताठ बसणं?”

“ते देईन मी तुम्हाला,” ती म्हणाली.

त्यानं ते शब्द धरले. त्या दिवसापासून त्याला चालायचं नव्हतं, बसायचं होतं. त्या खोटारड्यासमोर चार तास बसून त्याच्या डोळ्यात डोळे घालायचे होते. सकाळी डोळे उघडले की म्हणायचा, “कसा बघेल गं ताई तो माझ्याकडे?” मी म्हणायचे, “बघणारच नाही. मान खाली घालेल मेला.” असा आमचा देवाच्या नावाऐवजी त्याचा जप चालायचा.

बसवणं म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी पलंगाची पाठ उचलली तर भाऊ पांढराफटक पडला आणि डोळे फिरवले. रक्तदाब घसरतो म्हणे. पोटाला पट्टा, पायांना घट्ट मोजे, आणि रोज थोडं थोडं वर. आठ दिवसांनी पलंगाच्या कडेला बसवलं, तर पोत्यासारखा एकीकडे कलंडायचा. बावीस वर्षं उंचावर तोल सांभाळलेला माणूस! फिजिओ समोरून चेंडू टाकायची आणि हा दोन हात सोडून तो झेलायचा प्रयत्न करायचा. चेंडू एकीकडे, हा एकीकडे. शिव्या मात्र सगळ्या जोडीदाराला.

मग लघवी आणि शौच. यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. दर चार-पाच तासांनी हात धुऊन स्वतः नळी घालायची, लघवी काढायची, नळी बाहेर. शौचाची वेळ ठरलेली, रोज तीच. चुकलं तर कपडे खराब. आमच्या डेपोत इतकं कडक वेळापत्रक असतं तर एक गाडी उशिरा सुटली नसती. पहिल्यांदा भावजयीसमोर चादर खराब झाली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून रडला. मी बाहेर जाऊन उभी राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. तो जोडीदार तेव्हा समोर असता तर मी हातातलं भांडं त्याच्या डोक्यात घातलं असतं, आणि वर चौकशीला तयार राहिले असते.

दोन महिने होत आले आणि एका दुपारी भावाचा उजवा पाय ताडकन उडाला. भावजय किंचाळली, “हलला! पाय हलला!” ती हसत होती, रडत होती. मी वॉर्डभर सांगून आले. भाऊ पायाकडे बघत म्हणाला, “आता येतो म्हणावं चालत.” फिजिओ आली, तिनं पाय हातात घेऊन हळूहळू वाकवला, सरळ केला, आणि आमच्यासमोर बसली. म्हणाली, हा आचका आहे. वरचा निरोप खाली जात नाही, म्हणून खालच्या नसा आपल्या मनानं उड्या मारतात. हे वाढेल, कधी पाय काठीसारखे ताठ होतील, त्यावर औषध आहे, ताणायचे व्यायाम आहेत. पण हे चालणं नव्हे.

भावानं ताट बाजूला सारलं. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ताट ओढलं आणि म्हणाला, “चौकशीची तारीख मागून घे.”

तारीख मिळाली, पाच आठवड्यांनंतरची. आणि इथे आम्ही बहीण-भावानं मिळून जो मूर्खपणा केला, तो फक्त आम्हीच करू शकतो.

व्हीलचेअरमध्ये बसणाऱ्यानं दर पंधरा मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं असतं, थोडा वेळ तसंच धरायचं, नाहीतर बाजूला झुकायचं. खालची कातडी दबते, दुखलेलं तर कळत नाही, आणि जखम होते. फिजिओनं हे शंभरदा सांगितलं होतं. पण भावाचं डोकं वेगळंच चाललं. म्हणाला, “त्याच्यासमोर मी असा वर-खाली करत बसलो, तर त्याला वाटेल मी चुळबुळतोय. घाबरलाय म्हणेल. मी हलणार नाही. दगडासारखा बसेन.” आणि मी, त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, अक्कल गहाण टाकलेली, म्हणाले, “बरोबर आहे.” रविवारी फिजिओची सुट्टी. मी मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्यासमोर धरलं. एका रविवारी अडीच तास. पुढच्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी त्यानं साडेपाच तास काढले, एकदाही न उचलता. मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या.

सोमवारी अंघोळीच्या वेळी भावजयीला लाल डाग दिसला. चार दिवसांत तो काळपट झाला, मग फुटला. आत बोट जाईल एवढा खड्डा.

फिजिओ ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, “पालथं झोपायचं. बसायचं नाही, अजिबात नाही. किती आठवडे ते जखम सांगेल.” नऊ आठवडे लागले. उशीवर हनुवटी टेकून, फरशीकडे बघत. चौकशीची तारीख येऊन गेली. कंपनीनं फोनवर सांगितलं, आता आम्ही त्याच्याशिवायच निकाल लावतो. मी डबा बांधून घेतला, त्यांच्या ऑफिसात गेले आणि साहेबाच्या दारासमोर बसून राहिले. तीस वर्षं फुकट्या प्रवाशांना वठणीवर आणलंय मी, हा पेन चघळणारा काय चीज! संध्याकाळी पुढची तारीख लिहून घेऊनच उठले.

त्या पालथ्या आठवड्यांत एकदा भाऊ खालमानेनंच म्हणाला, “ताई, तारेनं नाही उघडलं त्यानं.”

“मग?”

“किल्लीनं. माझ्या दुसऱ्या किल्लीनं. मीच दिली होती.”

मी हातातला टॉवेल खाली टाकला. त्यानं सगळं सांगितलं. लिफ्ट बंद केली की वर जायचं ते जिन्यानं. आठ मजले, नऊ मजले, दिवसातून चार इमारती. गुडघे बोलायला लागले होते. म्हणून दोघांनी दहा वर्षांपूर्वी एकमेकांच्या जादा किल्ल्या बदलून घेतल्या. जो वर असेल त्यानं दुसऱ्याचंही कुलूप काढायचं, खालच्यानं हाक मारल्यावर. दहा वर्षं एकदाही चूक झाली नाही. त्या दिवशी जोडीदारानं हाकेची वाट पाहिली नाही.

“आणि पडल्यावर त्यानं ते कुलूप माझ्या पिशवीत टाकलं. किल्लीचं कळलं असतं तर दोघंही गेलो असतो. म्हणून एकट्या मला घालवलं.”

“गाढवा! चार-पाच महिने त्याच्या नावानं बोटं मोडतोयस आणि हे पोटात ठेवलंस?”

“शरम वाटत होती.”

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त भीती वाटली. हे बोलला तर कुलूप लावलं होतं हे सिद्ध होईल, पण नियम यानंही मोडला हेही. वायरिंगचं काम हातचं जाईल. मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, “किल्लीबद्दल चकार शब्द काढू नकोस. तारेनं उघडलं म्हणायचं. तो खोटं बोलला, आपणही बोलू. जशास तसं.”

तो म्हणाला, “मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? तो चालतो, एवढाच?”

मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

चौकशीच्या दिवशी भाऊ स्वतः पलंगावरून फळीवर सरकून खुर्चीत बसला. खाली चांगली जाड गादी. टेबलापलीकडे तीन साहेब, अलीकडे एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला जोडीदार. जोडीदार वाळला होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कारकुनानं जुना जबाब वाचायला सुरुवात केली. पंधरा मिनिटं झाली आणि भावानं दोन्ही हात चाकांवर रोवले, अंग उचललं, धरून ठेवलं. दंड थरथरत होते. कारकून थांबला. “चालू द्या,” भाऊ म्हणाला, “हे दर पंधरा मिनिटांनी होणार.” आणि झालं. प्रत्येक वेळी तो जोडीदाराकडेच बघत उचलायचा. चौथ्या वेळेला जोडीदारानं डोळ्यांवर हात धरला.

भावाची पाळी आली. त्यानं किल्ल्यांच्या अदलाबदलीचं पहिल्यापासून सांगितलं, स्वतःची चूक आधी. मग म्हणाला, “त्याची किल्ली माझ्याकडे आहे. त्याचं कुलूप मागवा आणि लावून बघा.” मागवलं. किल्ली फिरली, कुलूप उघडलं. मोठे साहेब जोडीदाराकडे वळले. त्यानं खिशातून जुडगा काढला, एक किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली.

निकालात लिहिलं, मेन स्विचला कुलूप लावलेलं होतं. पुढे लिहिलं, दोघांनी नियम मोडला, सबब दोघांनाही कामावरून कमी करण्यात येत आहे. भावानं मला पहिली ओळ तीनदा वाचायला लावली. दुसरी मी स्वतःच एकदा वाचली आणि कागदाची घडी घातली. घरी येईपर्यंत मी त्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भाऊ खिडकीबाहेर बघत होता.

दहा-बारा दिवसांनी दाराची कडी वाजली. मी उघडलं तर जोडीदार. मी त्याला दारातच धुतला. उंबऱ्यात उभं करून असं बोलले की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. आतून भाऊ म्हणाला, “ताई, येऊ दे त्याला.”

तो आत आला आणि पलंगाशेजारी खाली बसला. म्हणाला, “माझी पोरं लहान आहेत रे. घाबरलो. माफ कर, नाहीतर मार मला.”

“माफ नाही करणार,” भाऊ म्हणाला. आवाज अगदी साधा. “ऊठ. हात धुऊन ये. उजवा पाय उचल. टाचेखाली एक हात, गुडघ्यावर एक. सावकाश वाकव, पोटाकडे आण. घाई केलीस तर मोडेल, मला कळणारसुद्धा नाही.”

जोडीदारानं माझ्याकडे बघितलं. मी मोरी दाखवली. तो हात धुऊन आला, पाय उचलला. पाय त्याच्या हातात थडथडायला लागला, काठीसारखा ताठ झाला. तो घाबरून सोडायला गेला.

“सोडायचं नाही,” भाऊ म्हणाला. “धरून थांब. आपोआप सैल होतो.”

तो धरून थांबला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. उजवा झाला, मग डावा. अर्धा तास लागला. मी दारात उभी राहून सगळं बघितलं.

“उद्या सकाळी सातला ये,” भाऊ म्हणाला. “ही सकाळी आठला कामावर जाते, ताईचे हात दुखतात. तुला आता काम नाही.”

“येतो,” जोडीदार म्हणाला. दाराशी थांबला. “किती दिवस यायचं?”

“मीही विचारलं होतं फिजिओला, हे ताणणं किती दिवस करायचं,” भाऊ म्हणाला. “आयुष्यभर, म्हणाली.”

दुसऱ्या दिवशी तो पावणेसातलाच आला. मी दार उघडलं, बाजूला झाले, आणि चहाचं विचारलं नाही.